शेंगदाण्याच्या पिशवीवरचं हसरं अक्षर

सगळ्यात आधी मावशीचं सांगते, कारण ती नसती तर पुढचं सांगायला मी या गावात राहिलेच नसते. मावशी म्हणजे भोकरदनमधल्या एका जुन्या पेंटरची बायको. माझ्या नात्याची नाही. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं तिला आवडणार नाही, आणि वाचता तर येणारच नाही. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. पण तीसेक वर्षं ती नवऱ्याच्या पाट्यांमध्ये रंग भरत आली. नवरा खडूनं अक्षराच्या कडा आखून पुढच्या पाटीकडे सरकायचा, आणि ही मागून बसकण मारून आतला भाग भरत यायची. हॉटेल, हार्डवेअर, कृषी केंद्र, ग्रामपंचायत, विहाराची कमान, सगळं तिच्या हाताखालून गेलं. अक्षर काय म्हणतंय ते तिला आजही कळत नाही. ते कुठल्या आवाजात म्हणतंय ते मात्र तिला माझ्या आधी कळतं.

आणि मी घाबरट आहे, हेही आधीच सांगितलेलं बरं. फाईल प्रिंटला सोडताना अजून माझा धीर होत नाही. तीन वेळा वाचते, मग उठून लांबून बघते, मग परत बसते. दुकानात लोक हसतात. हसू देत. पूर्वी मी अशी नव्हते, म्हणजे घाबरट होतेच, पण अक्षराला घाबरत नव्हते.

मी मूळची गोंदियाकडची, धानाच्या बांध्यांमधली. आईच्या आजारपणात नववीत शाळा सुटली ती सुटलीच. थोरली बहीण लग्न होऊन इकडे भोकरदनला आलेली. तिच्या बाळंतपणाला म्हणून मी आले, तीन महिन्यांसाठी. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी मी इथंच. इथला कोरडा वारा, काळी भेगाळलेली माती, ज्वारीची भाकरी, सगळंच माझ्यासाठी परकं होतं. भावजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत. त्यांनीच बसस्थानकाजवळच्या एका फ्लेक्स आणि स्टिकरच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला. दुकानाच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. दादांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हटलं, "नववी." ते म्हणाले, "टायपिंग येतं?" मी म्हटलं, "शिकेन." एवढ्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याचे उपकार वाटतात ते वेगळंच. पण रोज सकाळी शटर वर जाताना मला वाटायचं, आज यांना कळणार, की हिला काहीच येत नाही.

माझं हस्ताक्षर वाईट. शाळेत बाई म्हणायच्या, उंदरानं कुरतडल्यासारखं. आणि अशा मला एक दिवस कॉम्प्युटरमधल्या फॉन्टच्या यादीत ते ब्रशचं अक्षर सापडलं.

तुम्ही ते रोज बघता, नाव माहीत नसेल. कुणीतरी कुंचला रंगात बुडवून एका दमात लिहिल्यासारखं ते दिसतं. सुरुवात जाड, ओली. शेवटाला कड विस्कटलेली, जणू रंग संपत आला पण हात थांबला नाही. शिरोरेषा सरळ नसते, किंचित वर चढते, त्यामुळे शब्द कुठंतरी निघालेला वाटतो. वेलांटी अशी मागं फेकलेली, जशी घाईत खांद्यावर टाकलेली ओढणी. मी टाईप करायची आणि पडद्यावर माझ्या बोटांतून एखाद्या मुरलेल्या पेंटरचा हात उमटायचा. मला वाटायचं, आपल्या हाताला वळण आलं.

मग मी ते जिथंतिथं लावत सुटले. रसवंतीला लावलं, छान दिसलं. साडी सेंटरला लावलं, वाढदिवसाच्या फ्लेक्सला लावलं, नव्या ट्रॅक्टरच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लावलं. यात्रेतल्या भेळवाल्याला लावलं तर तो दुसऱ्या वर्षी परत तेच मागायला आला. एका चिक्कीवाल्याचं स्टिकर केलं: पिवळी जमीन, मागं उगवता सूर्य, खाली सांडलेले शेंगदाणे आणि वर तपकिरी ब्रशमध्ये 'शेंगदाणा चिक्की'. दादा म्हणाले, "बराबर बसलं." दादा सहसा एवढंही बोलत नाहीत. मी ते स्टिकर कितीतरी दिवस मनात घेऊन फिरले.

आमच्या धंद्यात कोरी फाईल कुणी उघडत नाही. जुनी उघडायची, नाव बदलायचं, वेगळ्या नावानं ठेवायची. वाढदिवसाच्या फाईलमधून निवडीचं अभिनंदन निघतं, त्यातून दुकानाचं उद्घाटन. सगळे असंच करतात. मीही तेच केलं.

पेरणीच्या तोंडावरचे दिवस होते. फ्लेक्सच्या मशीनचा एक भाग बिघडला म्हणून दादा जालन्याला गेलेले, दुकानात मी एकटी. टेंभुर्णीचे एक काका घाईत आले. त्यांचा शेतकऱ्यांचा गट होता, गटानं घरचंच भुईमुगाचं बियाणं औषध लावून छोट्या पिशव्यांत भरलेलं.

"पिशव्यांला लावायचेत," ते म्हणाले. "वर गटाचं नाव. खाली लिहा, औषध लावलेलं हाय, खाऊ नये."

"साधं लिहू का?"

"साधं कशाला? साध्याकडं कोण बघून राह्यलं? जरा उठून दिसलं पाहिजे."

मला चिक्कीची फाईल आठवली. माप तेच, शेंगदाणे तेच. 'शेंगदाणा चिक्की'च्या जागी गटाचं नाव टाकलं, त्याच ब्रशमध्ये. खाली बारीक, पुन्हा त्याच ब्रशमध्ये, 'औषध लावलेले बियाणे. खाऊ नये.' सूर्य तसाच राहू दिला. काकांनी मान मागं घेऊन बघितलं आणि म्हणाले, "झकास." स्टिकर घेऊन ते गेले. एक जास्तीचं निघालं होतं, ते मी माझ्या ड्रॉवरवर चिकटवलं. मिरवायला.

दोन दिवसांनी सकाळी मावशी आली. तिला फ्लेक्सचे वाया गेलेले तुकडे लागायचे, रंगाच्या डब्यांखाली अंथरायला. फ्लेक्स आल्यापासून तिच्या नवऱ्याचं काम आटलेलं, तरी ती आमच्याच दुकानातून तुकडे न्यायची आणि त्यात तिला काही वाटायचं नाही. सुरुवातीला मी तिला तुम्ही म्हणायची. तिनंच मोडलं. म्हणाली, "तू मला तुम्ही म्हणली की माझ्या मागं कोण उभं हाय का ते बघावं वाटतंय."

ती तुकडे गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता ड्रॉवरकडे बघून म्हणाली, "हे कोणाचं गं? त्या चिक्कीवाल्याचं का?"

"नाही मावशी, बियाण्याचं आहे."

"मंग खाली काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. ती उकिडवी बसली, स्टिकरच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि एका अक्षराच्या शेवटावरून बोट फिरवलं, तो विस्कटलेला भाग होता तिथून.

"औषध म्हणजे विषच ना?"

"हो."

"मंग हे हसून का राह्यलंय?"

मी स्टिकरकडे बघितलं. बनवल्यापासून मी ते शंभरदा बघितलं असेल, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी. आता शब्द सोडून बघितलं. पिवळं, सूर्य, शेंगदाणे आणि वर नाचरी अक्षरं. या खा, असंच ते सांगत होतं. 'खाऊ नये' हे शब्दसुद्धा खायला बोलावल्यासारखे दिसत होते.

मावशी म्हणाली, "मला वाचता येत न्हाई ते सोड. ज्याला येतं तो तरी एवढं बारकं कुठं वाचत बसतोय. आन आज चतुर्थी हाय."

चतुर्थी म्हणजे घरोघरी उपास. उपास म्हणजे साबुदाणा, भगर, दाण्याचा कूट.

मी त्या काकांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. ते हसले. "आवो ताई, लिहिलंय की त्यात. खाऊ नये म्हणून अजून काय ढोल वाजवायचा का?" अकरा पिशव्या कालच वाटून झाल्या, बाकीच्या गोदामात आहेत, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

दादा पुन्हा जालन्याला गेलेले, त्याच मशीनपायी. त्यांना फोन करायला हवा होता. नाही केला. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर त्या क्षणी दोन भीत्या होत्या आणि त्या एकमेकींना ढकलत होत्या. एक, कुणाच्या तरी ताटात ते दाणे जातील. दुसरी, माझं काम जाईल, भावजींचं नाक कापलं जाईल, आणि मला परत पाठवतील. पहिली मोठी होती हे मला कळत होतं. पण फोन उचलू देत नव्हती ती दुसरी.

"शटर ओढ," मावशी म्हणाली. "मी डबा घेऊन येते."

"कसला डबा?"

"लाल."

तिचा नवरा बदनापूरला शाळेची भिंत रंगवायला गेलेला. घरून ती एकटीच आली, तांबड्या रंगाचा डबा फडक्यात बांधलेला, दोन चपटे ब्रश, खडू. मालकाला न विचारता मी पहिल्यांदा दुकान बंद केलं. जाफराबादवरून टेंभुर्णी गाठायची होती. बसमध्ये तिनं डबा मांडीवर घेतला.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, सांडलं तर बस लाल होईल."

"सांडलं तर माझ्या लुगड्यावर सांडंल. तुझ्या तिकिटावर न्हाई."

लोक हसले. मला हसू आलं नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक घराच्या पत्र्यातून धूर निघत होता आणि मला प्रत्येक धुरात कढई दिसत होती. मी मावशीला विचारलं, "काही झालं असेल तर?" तिनं धीर दिला नाही. तसं ती कधीच करत नाही. ती म्हणाली, "तिथं गेल्यावर कळंल."

गोदामात काका पिशव्यांच्या थप्पीला टेकून उभे होते. आम्हाला बघून वैतागले. "एवढ्यासाठी आल्या? एवढ्या लांब?"

मावशीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. एक पिशवी उचलली, दाराबाहेर आली, आणि रस्त्यानं डोक्यावर गवत घेऊन चाललेल्या एका बाईला हाक मारली. पिशवी लांबूनच वर धरली. "बाई, यात काय हाय वो?"

बाई थांबलीसुद्धा नाही. "शेंगदाणे. भाजके हायेत का कच्चे?" आणि पुढं गेली.

काकांचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते. त्यांनाही, माझ्यासारखंच, ते कधी तसं दिसलं नव्हतं. त्यांनी पिशवी हातात घेतली, बघितली, आणि गाडीला किक मारली. आम्ही तिघं त्या गाडीवर. मधे मी, मागं मावशी, तिच्या कडेवर डबा.

गावातल्या दहा घरी पिशव्या होत्या. काही खुंटीला, काही कणगीमागं, एक देव्हाऱ्याखाली. सगळ्या बंद. प्रत्येक घरी काका पिशवी ताब्यात घ्यायचे, मावशी म्हणायची, "एक." मग, "दोन." मोजणं वाढत गेलं तशी माझी भीती उतरण्याऐवजी चढत गेली. दहाव्या घरापर्यंत काही झालं नाही, म्हणजे जे व्हायचं ते अकराव्यात, असंच मला वाटत होतं. घाबरट माणसाचं गणित असंच असतं. एरवी ते चुकतं.

अकरावं घर शेतवस्तीवर होतं. गाडी थांबायच्या आधीच मला वास आला. भाजक्या दाण्यांचा, पण त्यात काहीतरी उग्र.

चुलीपुढं माझ्याच वयाची बाई बसलेली, तव्यावर दाणे. बाजूला पिशवी, वरून फाडलेली. सूर्य अर्धा फाटला होता. मावशी तिच्या अंगावरून पुढं झाली आणि पदरानं तवा धरून बाहेर मातीत उपडा केला.

"काय झालं वो?" ती बाई उठली. "उपासाचे दाणे हायेत ते."

काकांनी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिनं मान वळवली. दारात तिची चार-पाच वर्षांची पोर उभी होती. मूठ मिटलेली. मावशीनं मूठ उघडली. आत दोन दाणे होते, आणि तळहाताला औषधाचा फिकट गुलाबी रंग लागला होता. ओठालाही.

"किती खाल्ले, माय?"

पोरीनं बोटं दाखवली. तीन. मग चार. मग परत तीन.

आई किंचाळली नाही. तिनं पोरीला उचललं आणि काकांच्या गाडीवर बसली. मावशीनं औषधाचं रिकामं पाकीट गोदामातून सोबत न्यायला सांगितलं, डॉक्टर विचारतील म्हणून. मला ते सुचलं नसतं. गाडी धुरळा उडवत गेली आणि आम्ही दोघी मागं चालत राहिलो. दीड-दोन किलोमीटर असेल. माझ्या आयुष्यात एवढं अंतर मला कधी इतकं लांब वाटलं नाही. मध्ये एकदा मी खाली बसले. मावशी पुढं जाऊन थांबली, वळली.

"भ्यायचं तर भी," ती म्हणाली. "पण चालता चालता भी."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला तपासलं, पाकीट वाचलं, काय करायचं ते केलं. म्हणाले, थोडेच खाल्लेत असं वाटतंय, पण संध्याकाळपर्यंत इथंच ठेवा, लक्ष ठेवावं लागेल. मी बाकावर त्या आईच्या शेजारी बसले. कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं, आणि उठायची हिंमतही नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "स्टिकर तू केलं का?"

"हो."

"मला चौथीपर्यंत येतंय वाचता," ती म्हणाली. "पण पिशवी बघितली आन कळलं, शेंगदाणे हायेत. मालक रानात गेल्ते. कोणाला विचारू?" मग म्हणाली, "अक्षर चांगलं हाय गं तुझं."

ती टोमणा मारत नव्हती. तेच मला सोसलं नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी घेऊन गेले असते आणि कधीतरी विसरले असते.

मावशीनं मला दंडाला धरून उठवलं. "इथं बसून पोरीला काय फायदा? गोदामात पिशव्या पडल्यात."

गोदामात आम्ही एकेक स्टिकर खरवडून काढलं. पांढऱ्या पिशव्या ओळीनं मांडल्या. मावशीनं माझ्या हातात खडू दिला. "आख."

"मी? मला ब्रशनं लिहिता येत नाही, मावशी."

"ब्रश मी धरते. मला अक्षर येत न्हाई, तुला रंग येत न्हाई. आख."

मी लिहायला लागले: हे बियाणे औषध लावलेले असून...

"किती लिहून राह्यलीस?" मावशी म्हणाली. "बघणारा घाईत असतोय. कमी लिही."

"मग काय लिहू?"

"तूच सांग. शाळेत तू गेल्ती."

मी 'विष' लिहिलं. पिशवीच्या अर्ध्या भागाएवढं. माझंच ते कुरतडलेलं अक्षर, मोठं केलेलं, वेडंवाकडं. मी पुसायला गेले. तिनं हात धरला. "वाकडं चालतंय. नटलेलं नको." आणि तिनं चपटा ब्रश बुडवून आत तांबडा रंग भरला. एकसारख्या जाडीचा, कडा कापल्यासारख्या, कुठं शेपूट नाही, कुठं उडी नाही. मग त्याच्याखाली दोन पट्टे आडवे-तिडवे ओढून मोठी फुली मारली. "हे ज्याला वाचता येत न्हाई त्याला."

तेव्हा मला कळलं, कॉम्प्युटरमधलं ते अक्षर म्हणजे सगळा ब्रश नव्हे. तो ब्रशचा एक मूड आहे, मजेतला. खरा ब्रश रागावू शकतो, गप्प बसू शकतो, पोलिसासारखा उभा राहू शकतो. धरणारा हात काय म्हणतोय त्यावर आहे. कॉम्प्युटरमधल्याला मात्र एकच येतं. त्याला काहीही सांगायला लावा, तो हसतच सांगणार.

दिवस कलताना आम्ही परत दवाखान्यात गेलो. पोर आईच्या मांडीवर बसून बिस्किट मागत होती. डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, पोर खेळून राह्यली. तिसऱ्या दिवशी मीच केला. चौथ्याही. अजूनही अधूनमधून करते, आणि ते न वैतागता सांगतात.

दादांना दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगितलं. मावशी न बोलावता आली आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. दादा बराच वेळ ड्रॉवरवरच्या स्टिकरकडे बघत होते. मग म्हणाले, "चार दिवस घरी बस. मी सांगतो."

ते चार दिवस मी बहिणीच्या घरी बाळाचे कपडे धुतले, वाळलेले पुन्हा धुतले. भावजींनी काही विचारलं नाही, ते आणखी भीतीचं. मनातल्या मनात मी पिशवी भरून ठेवली होती, गोंदियाला जायची. पाचव्या दिवशी दादांचा फोन आला. "ये. आन तुझ्या मावशीला सांग, खुर्ची मोकळी कर म्हणावं. रोज येऊन बसून राह्यली, बोलत काय न्हाई, गिऱ्हाईकाला वाटतं दुकान हिचंच हाय." गेले तेव्हा ते म्हणाले, "मी असतो तरी मीबी पास केलं असतं." एवढंच. पण त्यानंतर स्टिकर कसलंही असो, ते आधी लांबून बघतात.

त्या अक्षराशी माझं भांडण नाही. मी ते अजून वापरते. आनंदाच्या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण आता त्याचा स्वभाव ओळखून वापरते. दोन शब्द, फार तर तीन. चौथ्याला त्याला दम लागतो. मोठं ठेवायचं, बारीक केलं की त्या विस्कटलेल्या कडा घाणीसारख्या दिसतात. जोडाक्षर आलं की थांबून बघायचं, दोन अक्षरं एकमेकांत मिसळून गढूळ होतात. फोन नंबर, तारीख, पत्ता, औषधाचं प्रमाण, रस्ता बंद आहे, वीज आहे, पाणी खोल आहे, यातलं काहीही त्याच्या हाती द्यायचं नाही. ते बोलावणारं अक्षर आहे. अडवायला उभं केलं तर ते लोकांना आत घेतं.

शंका आली की मी मावशीला विचारते. प्रिंटचा कागद उलटा-सुलटा कसाही धरला तरी तिला चालतं. मागं एक लग्नपत्रिका दाखवली, सगळी ब्रशमध्ये, मुहूर्तासकट. ती म्हणाली, "बाई नटली झकास. पण हिला रस्ता विचारला तर सांगता यायचा न्हाई." मी मुहूर्त आणि पत्ता साध्या अक्षरात केला. एकदा शोकसभेचं दाखवलं तर म्हणाली, "हे बरं हाय, हे खाली बघून बोलतंय." एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला म्हणाली, "ह्याला सांग, एवढं वरडू नको, आमी इथंच हाओत."

आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. रंग भरताना कड सुटते, नवरा काही बोलत नाही, मागून हळूच पुसून घेतो. डॉक्टर म्हणतात, संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घ्या. ती टाळत राहते. मला वाटलं, ऑपरेशनला भिते. परवा विचारलं तर म्हणाली, "कापायला कोण भितंय. तिथं दारंच दारं हायेत म्हणे. सगळ्या दारावर लिहिलेलं. मी कुठल्या दारात शिरले, कोणाला ठाव?"

इतक्या वर्षांत मी तिला कशाला तरी घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

मावशी, हे तुला वाचून दाखवेन तेव्हा ऐक. आज माझी तेवढी ऐपत नाही, ना सुट्टीची, ना धीराची. मोठ्या दवाखान्याची मलाही भीती वाटते. पण एक दिवस मी तुला तिथं घेऊन जाईन. प्रत्येक दारावर काय लिहिलंय ते तुझ्या कानात वाचत जाईन, आणि तुला आत घेतील त्या दाराबाहेर तू येईपर्यंत बसेन. भीत भीत का होईना, बसेन.